जिलबी आणि दराबाचं पथ्यपाणी

लेक बऱ्हाणपूरला दिली तेव्हा आमच्या बेळगावच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब? आणि सगळा कारभार हिंदीतून!" मी म्हटलं, बायांनो, आपण तरी कुठं एका भाषेत नांदतो? माझं माहेर कानडी, सासर मराठी. अव्वाशी कन्नड, सासूबाईंशी मराठी आणि भाजीवालीशी जी भाषा स्वस्त पडेल ती. बऱ्हाणपुरात जाऊन पाहिलं, तर तिथंही तीच गत. जिल्हा मध्य प्रदेशाचा, पण रावेर-भुसावळ शेजारी. लेकीच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि नातू मला हाक मारतो ती मात्र आपल्याकडची, "अज्जी".

गेल्या हिवाळ्यात दोन महिने तिच्याकडं राहून आले. गोवा एक्स्प्रेसनं भुसावळ, तिथून उत्तरेला तासाभराची वाट. पिशवीत बेळगावचा कुंदा होता. दारातच नातवानं डबा काढून घेतला आणि म्हणाला, "अज्जी, आधी जिलबी आणि दराबाला भेट." मला वाटलं, खायचंच काही असेल. मावा जिलबी आणि दराबा ही बऱ्हाणपूरची नावाजलेली मिठाई. आत जाऊन बघते, तर दोन ससे! पांढरी ती दराबा, तपकिरी ती जिलबी. दीड-दीड, दोन-दोन किलोचे जीव, पण सगळं घर त्यांच्या तालावर चालायचं.

आपल्याकडं माणूस भेटलं की कन्नडात पहिला प्रश्न "ऊट आयता?", मराठीत "जेवलात का?" समोरच्याला खाऊ घातलं नाही तर आपल्याला चैन पडत नाही. मलाही पडेना. त्यातून हिवाळ्याचे दिवस. बाजारात लाल गाजरं, कोबी, मटार, हरभऱ्याचे डहाळे यांचे ढीग. व्याह्यांच्या भावाची केळीची बाग, त्यामुळं घरात घड लटकलेला. आणि या दोन मुक्या पोरींपुढं काय, तर सातपुड्याकडून येणाऱ्या वाळक्या गवताची पेंढी! मला तो अन्यायच वाटला. नातू सांगायचा, "अज्जी, इनको घास ही देना." मी म्हणायचे, "असू दे रे, पाहुणी आलेय मी. रोज थोडीच देणार आहे?"

पण दिलं रोजच. सकाळी एक अख्खं गाजर, दुपारी तुपाचं बोट लावलेला पोळीचा तुकडा, संध्याकाळी कोबीची पानं आणि भिजवलेले हरभरे. वर निजायच्या आधी अर्धं केळं. दोघी मागच्या पायांवर उभ्या राहून माझ्या हातातून घ्यायच्या. लेक दिवसभर शाळेत शिकवायला. विहीणबाई एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, जरा जास्त होतंय का?" मी हसून सोडून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी जिलबी कोपऱ्यात बसून होती. अंग आक्रसलेलं, डोळे अर्धे मिटलेले. गाजर पुढं धरलं तर तोंड फिरवलं. जवळ कान नेला तर दातांचा बारीक कर्रकर्र आवाज. मला वाटलं, पोट भरलं असेल, झोपू द्यावं. नातवानं मात्र खाली वाकून पाहिलं आणि रडायलाच लागला. "अज्जी, रातसे पॉटीच नहीं की हिने." खरंच, एरवी जिथं वाटाण्याएवढ्या लेंड्यांचा सडा असायचा, तिथं चार-दोन बारीक मण्यांसारख्या पडल्या होत्या.

शेजारच्या काकू देवमाणूस. त्या धावत आल्या आणि नातवंडाच्या तापासाठी आणलेलं, बाटलीत उरलेलं अँटिबायोटिक देऊ लागल्या. "दो बूँद दे दो, ठीक हो जायेगी." लेकीनं फोनवरून ते थांबवलं, म्हणून बरं. ती तशीच शाळेतून आली, टोपलीत टॉवेल घातला आणि आम्ही पशुवैद्यांकडं गेलो.

डॉक्टरांनी आधी पोट चाचपलं, नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं. मग विचारलं, "चार दिवसांत काय-काय खाल्लं?" लेक माझ्याकडं पाहायला लागली. मी यादी सांगितली. मला आजही आठवतं, यादी जसजशी लांबत गेली तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मांजी, आपने बहुत प्यार किया, लेकिन इसका पेट प्यार नहीं, घास समझता है."

जिलबीला वेदना कमी होण्याचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली कोमट सलाइन दिलं, आणि पोट फुगलेलं नाही याची खात्री केल्यावरच गवताच्या भुकटीची पातळ पेज सिरिंजनं दाढेच्या बाजूनं भरवायला शिकवलं. पोट टम्म फुगलेलं असेल तर आपल्या मनानं काही भरवू नका, हेही बजावलं. ती रात्र मी आणि नातू गोधडी पांघरून तिच्याशेजारी बसून होतो. पहाटे साडेचारच्या सुमाराला तिनं चार लेंड्या टाकल्या. आयुष्यात दुसऱ्याच्या लेंड्या पाहून डोळ्यांत पाणी येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यानंतरच्या दिवसांत मी नातवाबरोबर बसून सशाचं पोट समजून घेतलं. ज्यांच्या घरी ससे आहेत किंवा ज्यांची मुलं हट्ट धरून बसली आहेत, त्यांच्यासाठी ते इथं सांगते.

सशाला उलटी करता येत नाही. एकदा गिळलं की ते पुढंच जायला हवं. त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, आणि तिच्यात असंख्य उपकारी जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्याचं अन्न करतात. गाजर, केळं, पोळी, धान्य असं साखरेचं-पिठाचं खाणं त्या पिशवीत गेलं की नको ते जिवाणू माजतात, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. म्हणूनच तोंडानं दिलेली पेनिसिलिनच्या जातीची औषधं सशाला जिवावर बेततात. त्या औषधांनी उपकारी जिवाणूच मरतात. काकूंचे ते दोन थेंब किती महागात पडले असते, हे तेव्हा कळलं.

व्याहीबुवा जुने बऱ्हाणपूरकर. त्यांनी मला हे एका वाक्यात समजावलं. गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात आणण्यासाठी शंभरावर कुंड्या खोदल्या. ना मोट, ना पंप. नुसत्या उतारानं पाणी वाहत राहतं. व्याहीबुवा म्हणाले, "विहीणबाई, भंडाऱ्याचं काय आणि सशाचं काय, वाहतं आहे तोवर ठीक. तुंबलं की संपलं."

वाहतं ठेवायचं काम गवत करतं. सशाच्या खाण्यात चार हिश्शांहून जास्त, म्हणजे शेकडा 80-85, गवतच हवं. रोज त्याच्या अंगाएवढी तरी पेंढी पुढं असावी आणि ती कधी संपू नये. दातांनाही तेच लागतं. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर वर्षाला 10-12 सेंटिमीटर वाढतात, आणि ते झिजतात गवत चावूनच. ताजं गवत मिळालं तर उत्तमच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, तीच हरळी, कन्नडात गरिके, ती ससे आवडीनं खातात. फक्त रस्त्याकडेची किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरची नको. कापून ढीग करून ठेवलेलं आणि आतून गरम झालेलं गवतही नको, कारण ते आंबायला लागलेलं असतं.

आता पालेभाज्या. आपण कन्नडात ज्याला सगळं मिळून "सोप्पु" म्हणतो, ते सगळं सशाला चालत नाही. कोथिंबीर, पुदिना, मेथी, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला हे बरं. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ, आणि तीही दोन-तीन प्रकारांची मिसळून. पालक, माठ, राजगिरा, बीटाचा पाला, घोळ यांत ऑक्झॅलेट जास्त, म्हणून ती पानं अधूनमधून, चार-दोन. कोबी-फ्लॉवरनं काही सशांना वायू धरतो, त्यामुळं जपून. गाजर म्हणजे सशाची मिठाई. ससा गाजर खातो हे आपण चित्रात पाहून ठरवलं आहे. 1940 साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनीनं तर ते जगभर पोचवलं. प्रत्यक्षात आठवड्यातून एक-दोनदा पातळ चकती पुरे. केळंही तसंच, नखाएवढं.

कधीच द्यायचं नाही ते असं. कांदा, लसूण, बटाटा आणि त्याचा पाला, टोमॅटो-वांग्याची पानं, कच्चा राजमा, पोळी, भात, बिस्किट, चॉकलेट. अळूही नाही. अळूला कन्नडात केसु म्हणतात. आपण चिंच घालून शिजवतो तरी घसा खाजतो, मग कच्चं पान त्या जिवाचं काय करेल? कुंपणावरची कण्हेर, घाणेरी, रुई, धोत्रा, एरंड यांच्या जवळपासही फिरकू द्यायचं नाही.

नवी भाजी आणली की एका वेळी एकच, आणि तीही दोन-तीन पानं. मग एक-दोन दिवस लेंड्यांकडं लक्ष. घट्ट, गोल, कोरड्या असतील तर ती भाजी मानवली. मऊ पडल्या तर बंद. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तर भाजीची घाईच नको. धुणं मात्र रोजचं. तीन-चार पाण्यांतून जुडी काढायची, पिवळी आणि सडकी पानं वेगळी करायची. धुतल्यानं वरची माती आणि फवारणीचा काही अंश जातो, पण झाडात मुरलेलं औषध जात नाही. म्हणून नातवाच्या बाबांनी केळीच्या बागेतली पानं आणणं बंद केलं. केळीवर करप्यासाठी फवारणी होतेच, मग ते पान सशापुढं का ठेवा? त्याऐवजी गच्चीवर जुन्या डब्यांत कोथिंबीर-मेथी पेरली. धने चोळून टाकायचं काम माझं.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण त्यांनी मी घाबरले होते. एका पहाटे दराबा मान वाकवून स्वतःच्याच अंगाखालून काहीतरी खाताना दिसली. मला किळस आली. डॉक्टर म्हणाले, ती मऊ, घोसासारखी लेंडी वेगळी असते. तिच्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात, आणि ससा ती मुद्दाम पुन्हा खातो. गाय रवंथ करते, तसंच समजा. तशा मऊ लेंड्या न खाता पडून राहायला लागल्या, तर खाणं फार भारी होतंय, असं ओळखायचं. दुसरी गोष्ट लघवीची. कधी नारिंगी, कधी लालसर, कधी चुन्याच्या निवळीसारखी पांढरट. रंग पाल्यामुळं बदलू शकतो. पण पांढरा गाळ दाट आणि रोजचा व्हायला लागला, किंवा ससा कुंथायला लागला, तर दाखवायला हवं. सशाचं शरीर खाण्यातला चुना भरपूर शोषतं आणि जास्तीचा लघवीवाटे टाकतं. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढलेले मी पाहिले होते, त्यामुळं हे मला पटकन समजलं. लसूणघासात चुना जास्त, म्हणून तो वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको.

एवढं शिकल्यावर मला वाटलं, आता चूक व्हायची नाही. संक्रांतीच्या आधल्या दिवशी नातवाचा मित्र हातात हिरवागार भारा घेऊन आला. "दादी, देखो, इनके लिये गाजर घास लाया!" त्याचं तरी काय चुकलं? ससा गाजर खातो, ससा घास खातो, मग गाजर घास म्हणजे तर मेजवानीच. पानंही गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. नातू तो भारा पिंजऱ्यात टाकणार, एवढ्यात माझं लक्ष वर गेलं. बारीक पांढरी फुलं, ओळखीची. मी ओरडलेच, "अरे टाक ते! काँग्रेस हुल्लु आहे ते!"

दोघं पोरं माझ्याकडं बघत राहिली. त्यांना ते नाव माहीत नव्हतं. आपल्याकडं मराठीत काँग्रेस गवत, कन्नडात काँग्रेस हुल्लु, तेच इकडचं गाजर घास आणि तिकडचं गाजरगवत. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. माणसाच्या कातडीला खाज सुटते, दम्याच्या रोग्याला त्रास होतो, गुराढोरांच्या पोटात गेलं तर विषबाधा होते. माझ्या अप्पांच्या हातांना ते उपटून-उपटून कायमचे चट्टे पडले होते, म्हणून मला ते दुरूनही ओळखू येतं. मी पोरांना साबणानं हात धुवायला लावले आणि भारा कागदात गुंडाळून बाहेर टाकायला दिला.

त्या रात्री झोप लागेना. माझ्या मनात येत होतं, मित्रानं आणलेला भारा आणि मी दिलेलं केळं, यात फरक तो काय? त्यानं नावावर विश्वास ठेवला, मी मायेवर ठेवला. दोघांनीही खाणाऱ्या जिवाला विचारलं नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत हे रोजच घडतं. एकच झाड चार नावांनी येतं, आणि कधी एकाच नावाखाली दोन वेगळे जीव असतात. ससाच घ्या. मराठीत ससा, कन्नडात मोला. पण आपल्या रानात पळतो तो वेगळा प्राणी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला धरून घरी आणायचं नाही. पिंजऱ्यातले हे ससे मूळ युरोपातल्या जातीचे, माणसाळलेले. म्हणून नाव ऐकून नव्हे, पान हातात घेऊन, फूल पाहून, वास घेऊन ठरवावं. आणि शंका असेल तर देऊ नये. एक दिवस कोथिंबीर नाही मिळाली म्हणून ससा उपाशी राहत नाही. गवत आहे ना?

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पिंजऱ्याजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. नातवानं हिंदीत लिहिलं, लेकीनं शेजारी मराठी, आणि मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत कन्नड. द्यायचं काय, थोडं द्यायचं काय, कधीच नाही ते काय. सगळ्यात खाली नातवानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "12 घंटे खाना नहीं खाया या पॉटी नहीं की तो तुरंत डॉक्टर." सकाळपर्यंत बघू, असं म्हणायची सोय या प्राण्यापाशी नसते. दुखणं लपवणं हा त्याचा जन्माचा स्वभाव. आपल्याला दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

शेजारच्या काकूंनी येऊन तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या बहिणीकडंही ससा आहे म्हणाल्या, आणि मोबाइलवर फोटो काढून नेला.

आता मी बेळगावात. बाजारात मेथीची जुडी हातात घेतली की तिकडची आठवण येते. रोज रात्री आठ वाजता फोन करते. सवयीनं पहिला प्रश्न तोच, "ऊट आयता?" नातू म्हणतो, "हो अज्जी, झालं. आणि जिलबी-दराबाच्या लेंड्या पण एकदम गोल आहेत." तेवढं ऐकलं की मग मी जेवायला बसते.